शिशाची गोळी बॅरलमध्ये शिसं का सोडते?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या सामन्यात त्याच्या रायफलीतून सुटलेली एकूणएक गोळी उघड्या शिशाची होती. वर तांब्याचं कवच नाही, फक्त मेणकट वंगणाचा पातळ थर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलमध्ये रौप्य मिळवलं, तेही याच जातीच्या गोळीने. विजय कुमार तेव्हा महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचा नेमबाज होता. महू म्हणजे आम्हा इंदूरकरांना घरचंच.

शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. ते पोलादी नळीतून सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने ढकललं जातं, तरी चांगल्या रायफली हजारो गोळ्या त्याच नेमाने मारत राहतात. दुसरीकडे एखाद्या क्लबातली जुनी रायफल किंवा घरची परवान्याची पॉइंट थर्टीटू रिव्हॉल्व्हर पन्नास-शंभर गोळ्यांत आतून शिशाने माखते आणि नेम विस्कटतो. नेमबाज याला 'लेडिंग' म्हणतात. इंदुरातल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं एनसीसीत जातात, त्यांतली काही पुढे नेमबाजीकडे वळतात. बॅरल साफ कशी करायची ते त्यांना शिकवलं जातं, पण ती घाण मुळात होते कशी, हे क्वचितच कोणी सांगतं. मला ते सांगायचं आहे, कारण ते एकदा कळलं की वंगण, कडकपणा, साफसफाई या सगळ्याचा उलगडा आपोआप होतो.

दोष गळतीचा

सर्वसाधारण समज असा, की गोळी नळीला घासते, घर्षणाने तापते, वितळते आणि नळीला चिकटते. ऐकायला पटतं, कारण शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं आणि जळत्या दारूचा वायू दोन हजार अंशांच्या वर असतो. पण गोळी नळीत असते ती दोन-तीन मिलिसेकंद. एवढ्याशा वेळात उष्णता आत शिरतच नाही.

याचा पुरावा मैदानातच पडलेला असतो. १२ बोरच्या काडतुसात छऱ्यांभोवती आणि खाली प्लास्टिकची वाटी असते. ट्रॅप किंवा स्कीटच्या, म्हणजे उडत्या चकत्या टिपण्याच्या मैदानावर चालताना अशा वाट्या गवतात सापडतात. एक उचलून बघा. पाकळ्या मागे वळलेल्या, बुडाला काजळी, पण वितळल्याची खूण नाही. हे प्लास्टिक सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बुडाला थेट जळती दारू लागलेली असते. प्लास्टिकची वाटी टिकते, तर शिशाचं सपाट बूडही टिकतं.

टिकत नाही ती गोळीची कड. बॅरलच्या आत पिळदार खाचा कोरलेल्या असतात, त्यालाच रायफलिंग म्हणतात. खाचांना ग्रूव्ह आणि मधल्या उंचवट्यांना लँड असं नाव आहे. गोळी या पिळात रुतून फिरत बाहेर पडते. गोळीचा व्यास ग्रूव्हच्या व्यासापेक्षा किंचितही कमी असेल, तर गोळी आणि पोलाद यांच्यामध्ये फट राहते. मागे दाब असतो हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त. तो वायू त्या फटीतून पुढे सुसाट सुटतो, जाता जाता कडेचं शिसं खरवडतो, वितळवतो आणि पुढच्या थंड पोलादावर फवारतो. मागून येणारी गोळी तोच थर दाबून इस्त्री केल्यासारखा बसवते. आता नळी त्या जागी अरुंद आणि खडबडीत झाली. पुढची गोळी तिथे आणखी घासली जाते, आणखी लहान होते, आणखी गळते. म्हणून लेडिंग सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झालं की भराभर वाढतं.

सायकलच्या पंपातला कातड्याचा वायसर आठवा. तो सुकून आकसला, की कितीही जोर लावा, हवा बाजूने निसटते. तेल पाजलं की तो फुगतो, नळीला सगळीकडून टेकतो आणि पंप पुन्हा चालू लागतो. वायसर कडक असून भागत नाही, त्याला नळीच्या मापाला यावं लागतं. शिशाच्या गोळीचं काम अगदी हेच आहे.

१८५७ ची चरबी

इंदुरात राहून या विषयावर लिहायचं आणि १८५७ टाळायचं, हे मला जमणार नाही. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी महूच्या २३ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीने बंड केलं. या उठावाच्या कारणांत एनफील्डच्या काडतुसांची चरबी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. गाईची की डुकराची, यावर आपण बोलतो. ती चरबी मुळात लागत कशाला होती?

१८५३ च्या एनफील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी ०.५६८ इंचाची. गोळी मुद्दाम लहान, कारण ती नळीच्या तोंडातून गजाने ठासून आत उतरवावी लागे. नळीच्याच मापाची गोळी असती तर चार बारांनंतर काजळीमुळे ती उतरलीच नसती. पण लहान गोळी गळणार! यावर मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने रूढ केलेली युक्ती अशी, की गोळीचं बूड पोकळ ठेवायचं. बार उडाला की वायूचा दाब त्या पोकळीत शिरून मऊ शिशाची कड बाहेर फाकवतो आणि ती पिळात घट्ट बसते. गोळीभोवती काडतुसाचा चरबी लावलेला कागद राहत असे. शिपायाने दातांनी काडतूस तोडून दारू ओतली, की गोळी उलटी करून कागदासकट नळीत ठासायची आणि उरलेला कागद फाडून टाकायचा. कागदामुळे शिशाचा लोखंडाशी थेट संबंध येत नसे, आणि चरबीमुळे काळ्या दारूची काजळी मऊ राहत असे, म्हणून पुढची गोळी आत उतरे.

माप, मऊपणा, वंगण. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या काडतुसात तिन्ही गोष्टी होत्या, आणि आजही शिशाच्या गोळीचं सगळं शास्त्र या तिघांवरच उभं आहे. त्या शिपायांच्या धर्मभावनेशी झालेला खेळ अक्षम्य होता. मेण आणि वनस्पती तेलाने तेच काम झालं असतं.

कडक गोळीचा गैरसमज

शिसं चिकटतं म्हणजे गोळी मऊ आहे, तेव्हा कडक गोळी घ्या, हा सल्ला मी फार ठिकाणी ऐकला आहे. तो अर्धाच खरा आहे. धातूचा कडकपणा ब्रिनेल या मापात मोजतात, शुद्ध शिशाचा ५ च्या आसपास असतो. त्यात अँटिमनी आणि कथिल मिसळलं की तो वाढतो. छापखान्यातल्या लायनोटाइप यंत्राचा मिश्रधातू याचं टोकाचं उदाहरण, सुमारे २२. ज्यांनी जुने छापखाने पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, शिशाचा खिळा टोचतो, वाकत नाही, पडला तर कोपरा तुटतो.

अशा कडक धातूची गोळी कमी दाबाच्या हत्याराला दिली, तर दाब तिला फुगवूच शकत नाही. माप कमी असेल तर ती तशीच कमी राहते आणि पहिल्या बारापासून गळते. उलट फारच मऊ गोळी जोरदार काडतुसात घातली, तर ती पिळात रुतून फिरण्याऐवजी पिळावरून सरळ घसरते आणि शिसं लँडच्या कडांना लागतं. तेव्हा कडकपणा दाबाला साजेसा हवा. पण आधी माप. आमच्या इथे महूहून निवृत्त झालेले एक आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे काका नव्या मुलांना हत्यार हातात देण्याआधी हेच समजावतात. एका मुलीने त्यांना विचारलं, "काका, सगळ्यात कडक गोळी कुठली मिळेल?" तर म्हणाले, "बेटा, कडक नको मागू, मापाची माग."

माप म्हणजे किती? आर्मरर मऊ शिशाचा तुकडा तेल लावून रिकाम्या बॅरलमधून हळूहळू ढकलतो आणि त्यावर उमटलेला ग्रूव्हचा व्यास मायक्रोमीटरने मोजतो. गोळी त्याहून एक ते दोन हजारांश इंच मोठी हवी, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर. सगळा खेळ एवढ्याशा फरकाचा आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक खाचखळगा असतो. गोळी आधी सिलिंडरच्या तोंडातून जाते आणि मग बॅरलमध्ये शिरते. सिलिंडरचं तोंड बॅरलपेक्षा अरुंद असेल तर कितीही योग्य मापाची गोळी तिथेच चिमटली जाते आणि पुढे जाऊन गळते. अशा वेळी गोळ्या बदलून उपयोग नाही, हत्यार आर्मररकडेच न्यावं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. परदेशात लोक घरी गोळ्या ओततात, काडतुसं भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा आपल्या हातात उरतं ते योग्य काडतूस निवडणं आणि नळी नीट राखणं.

वेग वाढत गेला तसं उघडं शिसं अपुरं पडत गेलं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू काढली, गोळ्यांचा वेग सेकंदाला सहाशे मीटरपुढे गेला, आणि सैन्यांनी तांब्यासारख्या धातूचं कवच चढवलेली गोळी स्वीकारली. शिकारी हत्यारांसाठी मधला उपाय म्हणजे शिशाच्या गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी, ज्याला गॅस चेक म्हणतात. नाव बरोबर आहे, ती वायूलाच अडवते. हल्ली गोळीवर पावडर कोटिंगचा पातळ थर भाजून चढवतात, त्यानेही शिसं आणि पोलाद एकमेकांना लागत नाहीत.

शिसं कुठे बसलंय ते बघा

बॅरल उघडी करून चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून) उजेड टाका आणि मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) आत बघा. अर्थात हत्यार रिकामं आहे हे स्वतः दोनदा तपासून, बोल्ट बाहेर काढून. निरोगी नळी आरशासारखी दिसते, पिळाच्या कडा धारदार. शिसं बसलेलं असेल तर करडे, किंचित चकाकणारे पट्टे दिसतात, विशेषतः लँड आणि ग्रूव्हच्या कोपऱ्यात. काजळी काळी आणि मऊ असते, पहिल्या चिंदीलाच निघते. तांबं असेल तर अमोनियाच्या सॉल्व्हेंटने चिंदी निळसर-हिरवी होते. शिशाचे मात्र चिंदीवर करडे, चमकणारे सूक्ष्म कपचे येतात. ते एकदा ओळखता आले की विसरत नाहीत.

चेंबरच्या लगेच पुढे थर असेल तर बहुधा गोळी मापाला कमी आहे, वायू सुरुवातीलाच निसटतोय, किंवा तिथला पोलादाचा भाग खडबडीत आहे. मझलकडच्या टोकाला असेल तर वंगण अर्ध्या वाटेत संपतंय. सगळ्या लांबीभर लँडच्या एकाच बाजूला असेल तर गोळी पिळावरून घसरतेय, म्हणजे ती मऊ आहे किंवा वेग जास्त आहे. डॉक्टर जसा दुखण्याची जागा विचारतो, तशी ही जागा आधी टिपून ठेवा, मगच साफ करा. नाहीतर पुरावा पुसला जातो.

पॉइंट टूटूच्या, म्हणजे स्वप्नील आणि विजय कुमारने वापरलेल्या ०.२२ इंची गोळीच्या बाबतीत एक दिलाशाची गोष्ट आहे. ही गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, मऊ आणि हळू, आणि बाहेरून मेण किंवा तत्सम वंगण लावलेली. दहा-वीस गोळ्यांनी नळीत वंगणाचा एकसारखा थर बसतो आणि रायफल 'लागते'. म्हणूनच एका कंपनीच्या काडतुसांवरून दुसऱ्या कंपनीच्या काडतुसांवर गेलं की सुरुवातीचे काही शॉट भरकटतात, कारण जुन्या वंगणावर नवं बसत असतं. स्पर्धेच्या दिवशी काडतूस बदलू नका, आणि बदललंच तर साइटिंगच्या, म्हणजे नेम जुळवून घ्यायच्या शॉटना कंजुषी करू नका. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात काडतुसांचा डबा गाडीत ठेवू नये. सुरक्षेचा नियम तर आहेच, शिवाय वंगण मऊ होऊन खाली ओघळतं आणि चिकट गोळीला धूळ बसते. ती धूळ पुढे नळीला पॉलिश पेपरसारखी घासते. त्याच कारणाने जमिनीवर पडलेली गोळी पुसून पुन्हा चेंबरमध्ये घालण्याची सवय वाईट.

१० मीटर एअर रायफलची शिशाची पेलेट कंबरेत बारीक असते आणि मागचा झगा फाकून वायुबंद होतो, म्हणजे मिनिएचीच युक्ती. तिथे वेगही कमी आणि उष्णता तर नाहीच, म्हणून शिसं फार थोडं बसतं. फेल्टच्या गोळ्यांनी अधूनमधून साफ केलं की पुरे. आणि ग्लॉकसारख्या बहुकोनी पिळाच्या पिस्तुलात उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं कंपनीच सांगते. तिथे शिसं साठून दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो.

साफ करताना

एनसीसीच्या मुलांना फुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) आणि चिंदी माहीत असते, कोरडी करायला चार बाय दोन इंचांची आणि तेलासाठी चार बाय दीड इंचांची. काजळीसाठी ती उत्तम. बसलेल्या शिशाला ती पुरत नाही. बाजारातली बहुतेक सॉल्व्हेंट तांबं किंवा दारूची घाण विरघळवतात, धातूरूपातल्या शिशाला फारसा धक्का लावत नाहीत. शिसं हाताने, घासूनच काढावं लागतं.

आधी पातळ, झिरपणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. तेल शिशाच्या थराखाली शिरून त्याची पकड सैल करतं. मग कॅलिबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश प्लास्टिकचं वेष्टन असलेल्या रॉडवर लावून चेंबरकडून मझलकडे सरळ न्या. मझलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, हा बॅरलचा सगळ्यात नाजूक भाग. गोळी शेवटी तिथून सुटते. तिथे रॉड घासला किंवा फुलथ्रूची दोरी तिरकी ओढली तर झालेली झीज कुठल्याही साफसफाईने भरून येत नाही.

थर हट्टी असेल तर ब्रशवर शुद्ध तांब्याच्या तारेची काही वेटोळी गुंडाळा. तांबं शिशापेक्षा कडक आणि पोलादापेक्षा मऊ असतं, म्हणून ते शिसं खरवडतं आणि नळी सांभाळतं. इथे फसगत होते ती घासणीच्या खरेदीत. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात तांबूस रंगाची घासणी मिळते, पण रंग तांब्याचा म्हणजे धातू तांब्याचा असं नव्हे. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर ती पोलादाची आहे, परत करा. नाही चिकटली तरी एक तार कापून काप भिंगाखाली बघा, कारण स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटत नाहीत. आतपर्यंत तांबूस असेल तरच वापरा. चांगली तार फिरवून बाहेर काढली की तिच्या वेटोळ्यांत शिशाचे लांबट, पातळ पापुद्रे अडकलेले दिसतात, कधी कधी त्यांवर ग्रूव्हची वळणंही जशीच्या तशी उमटलेली.

शेवटी कोरडी चिंदी, मग अगदी हलकं तेल, आणि पुढच्या वेळी फायर करण्याआधी ते तेलही कोरडं करून. तेल भरलेल्या नळीतून गोळी मारणं धोक्याचं असतं.

दोन उपाय कटाक्षाने टाळा. एक, शिसं बसलेल्या नळीतून कवचाच्या गोळ्या मारून ते 'काढणं'. नळी आधीच अरुंद झालेली असते, दाब वाढतो, आणि पुष्कळदा शिसं निघण्याऐवजी पक्कं दाबलं जातं. दोन, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण. त्याने शिसं विरघळतं खरं, पण त्यातून विषारी शिशाचं लवण तयार होतं, आणि थोडा वेळ जास्त राहिलं तर नळीचं पोलादही खातं.

हात, श्वास, कपडे

नेमापेक्षा ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, विशेषतः मुलांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. त्यांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं, की ते कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. वाढत्या वयातल्या मेंदूला आणि गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त.

आणि शिसं फक्त गोळीतून येत नाही. काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं, त्याची बारीक धूळ प्रत्येक बाराला नेमबाजाच्या तोंडासमोर उडते. बंद रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहायला हवी. पालकांनी क्लब बघायला जाताना हे जरूर विचारावं. रेंजची जमीन कोरड्या झाडूने झाडत असतील तर तसं करू नका म्हणून सांगावं, ओल्या पोच्याने पुसली पाहिजे. रेंजवर खाणं-पिणं नको. घरी निघण्याआधी हात आणि तोंड साबणाने धुवावं, रेंजचे कपडे वेगळे धुवावेत आणि बूट दाराबाहेरच राहावेत.

नळी साफ करताना हातमोजे घाला आणि ते काम स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर करू नका. शिशाने माखलेल्या चिंध्या, घासणीच्या तारा आणि वापरलेले हातमोजे एका पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आपल्या इंदुरात कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, ती पिशवी त्यातच टाकायची. वापरलेल्या तांब्याच्या तारा धुऊन पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नका, ते पाणी शेवटी मोरीतच जातं.